मॉरिसची वायरिंग आणि अप्पाकाकांची चिकटपट्टी

वीज मंडळात एकतीस वर्षं काढली. तेहतीस केव्हीच्या लाइनी टाकून घेतल्या, भर पावसात ट्रान्सफॉर्मर बदलून घेतले. तेव्हा बारा व्होल्टची गाडी ती काय, दोन रविवारांचं काम, असं मी घरात जाहीर करून बसलो होतो. हिनं तेव्हाच विचारलं, "कोणत्या सालातले दोन रविवार?"

चौदा महिने लागले. त्यातला बराचसा काळ मी आडवा होतो. मॉरिस मायनरच्या डॅशबोर्डखाली हात घालायचा तर दुसरा इलाजच नाही. पाय दाराबाहेर, डोकं क्लचच्या पेडलाशी, तोंडात टॉर्च, आणि वरून साठ वर्षांची धूळ थेट डोळ्यांत.

गाडी अप्पाकाकांची. १९५९ची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसीचं इंजिन. काका इंदूरच्याच एमजीएम मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, रामबागेत दवाखाना टाकला, आणि १९६७ साली कुणाकडून तरी ही गाडी जुनी म्हणून घेतली. आम्ही पोरं तिला 'बेडकी' म्हणायचो. दिसतेच तशी. तिचा आराखडा ॲलेक इसिगोनिसचा, ज्यानं पुढे १९५९ साली मिनी काढली तोच. मायनर लंडनच्या प्रदर्शनात १९४८ साली लोकांपुढे आली आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. इंदुरात जुनी गाडी म्हटली की लोक लगेच होळकरांवर जातात: यशवंतरावांची ती ड्यूसेनबर्ग, अमेरिकेची चासी आणि लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेली बॉडी. आमची त्या पंगतीतली नाही. ही डॉक्टरांची, मास्तरांची, वकिलांची गाडी. काका रात्री-अपरात्री हिच्यातूनच व्हिजिटला जायचे.

१९९४ नंतर ती वाड्याच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. मी निवृत्त झालो, काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुला वायरींची आवड आहे ना, घेऊन जा." पिकअपवर चढवून राजेंद्रनगरला आणली. आरसी बुक काकूंच्या लोखंडी पेटीत, काकांच्या डिग्रीच्या भेंडोळ्यात सापडलं, म्हणून जुना नंबर टिकला. नाहीतर २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची नवी नोंदणी, 'व्हीए'वाला नंबर आणि वीस हजार रुपये फी, अशी वरात निघाली असती.

इंजिन आणि डेंटिंग-पेंटिंगबद्दल फार लिहीत नाही. पैसे दिले, वाट पाहिली, भांडलो, पुन्हा पैसे दिले. इंजिन उघडल्यावर अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं आणि पत्रा अपेक्षेपेक्षा वाईट. सगळ्यांचं असंच होतं. खरी गंमत वायरिंगमध्ये होती.

माझ्या ओळखीचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, उस्ताद म्हणतात सगळे. वय सत्तरच्या पुढे, हात अजून स्थिर. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन बोटांनी वायरींचा एक गुच्छ उचलला आणि सोडून दिला.

"भिया, ये तो पूरी जलेबी है. सब काट के फेंको. दो दिन में नया डाल देंगे."

मोह झाला. पण मंडळात मी एक गोष्ट शिकलो होतो: ड्रॉइंग हातात नसताना पॅनेल उघडायचं नाही, आणि उघडलंच तर आधी ड्रॉइंग काढायचं. एकदा कापलं की कुठली वायर कुठून कुठे जात होती हे सांगायला कुणी उरत नाही. मी उस्तादांना म्हटलं, दोन महिने द्या. ते हसले. चहा पिऊन गेले.

लुकास म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी. तिच्या वायरिंगला रंगांची एक भाषा आहे. ती कळली की निम्मं काम झालं. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, कायम जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे किल्लीच्या मागची पण फ्यूजमधून गेलेली: वायपर, ब्रेकलाइट, पेट्रोलचा काटा वगैरे. निळी हेडलाइटची, लाल पार्किंगच्या दिव्यांची, काळी अर्थची, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीला परत जाते त्या वाटेची. दोन रंग असतील तर पहिला रंग घराण्याचा आणि बारीक रेघ त्या माणसाची. निळ्यावर पांढरी रेघ अपरची, निळ्यावर लाल डिपरची. असं सुरेख.

फक्त आमच्या गाडीत सगळ्या वायरी एकाच रंगाच्या होत्या. शेणाच्या.

त्या काळी वायरीला आत रबर आणि वरून सुती वेणी असायची. सूत धुळीनं आणि ऑइलनं काळवंडलं होतं, रबर बोटांत धरलं की पापडासारखं तुटत होतं. आठवडाभर मी रॉकेलच्या बोळ्यानं एकेक वायर पुसत बसलो, फारसं काही हाती लागलं नाही. मग एके दिवशी पत्र्याची एक क्लिप काढली, ज्या क्लिपनं वायरींचा जुडगा बॉडीला धरून ठेवलेला असतो ती. आणि तिच्याखाली, बोटभर लांबीत, सगळे रंग ताजेतवाने. तपकिरी, पांढरा, निळ्यावर लाल. १९५९ साली कारखान्यात कुणीतरी क्लिप दाबली तेव्हापासून तिथे ऊनच गेलं नव्हतं. बांगडीखालच्या मनगटासारखं. त्यानंतर मी क्लिपांवरून क्लिपांवर असा पूर्ण गाडीभर गेलो आणि वहीत नकाशा उतरवला.

नकाशा उतरवताना दिसायला लागलं की कारखान्यानं टाकलेली वायरिंग आणि गाडीत असलेली वायरिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे साठ वर्षांत जितके हात लागले तितक्या गाठी.

कुणीतरी हॉर्नसाठी घरातली एकाच तारेची ॲल्युमिनियम वायर ओढली होती. घरांत ॲल्युमिनियम वायरिंग व्हायची त्या काळातलं हे काम असणार. ती तांब्याला नुसती पिळून जोडलेली. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खातात हे एक, आणि एकाच जाड तारेची वायर गाडीच्या हादऱ्यानं कधी ना कधी मोडतेच हे दुसरं. गाडीच्या वायरीत बारीक तारांचा झुबका असतो तो त्यासाठीच. लुकासचं मापच तसं लिहितात: १४/०.०१२ म्हणजे इंचाच्या बारा हजारांश जाडीच्या चौदा तारा, आपल्या हिशेबात साधारण एक चौरस मिलिमीटर. २८ तारांची दोन, ४४ची तीन. कुणीतरी ४४च्या जागी १४ची वायर घातली होती, आणि तिच्यावर वितळल्याची खूण होती. फ्यूजबॉक्समध्ये दोनच फ्यूज असतात, त्यातल्या एकाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.

फ्यूजबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण मीही इथे फसलो असतो. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. ते फ्यूज उडण्याचं माप. सतत वाहायचा प्रवाह त्याच्या निम्मा, १७ अँपिअर. आज बाजारातून ३५चा फ्यूज आणून घातला तर तो ३५ अँपिअर आरामात वाहून नेईल, आणि तोवर वायर लाल झालेली असेल. मी १५चे घातले. आणि या गाडीत हेडलाइटला फ्यूजच नसतो, मुळातच. तिथे दोन वेगळे लावले. मूळ स्वरूपाला धक्का लागला म्हणणारे म्हणोत, पत्र्याच्या आड आहेत, दिसत नाहीत.

या सगळ्या गाठींत एक गाठ वेगळी होती. डाव्या खांबाच्या पोटात, दोन दारांच्या मधे. तिथे मायनरचा 'हात' असतो. १९६१पर्यंतच्या मायनरना लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते. खांबातून वीतभर लांबीचा पिवळा हात टक्कन बाहेर यायचा, आत छोटासा दिवा, वळलं की परत आत. या हाताच्या वायरीला जोड होता, आणि जोडावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी, जखमेवर लावायची. पट्टी पिवळी पडलेली, पण एका कडेलाही सुटलेली नव्हती. तिच्यावर बॉलपेननं, काकांच्या त्या डॉक्टरी अक्षरात, 'डावा हात'. दुसरं कुणीही ते 'डायरिया' असं वाचलं असतं.

पट्टी सोडवून पाहिली. तारा नीट उलगडून, एकमेकींत गुंफून, वर सोल्डर. टाके घातल्यासारखं. साठ वर्षांत गाडीला लागलेल्या हातांपैकी नाव लिहून ठेवणारा हा एकच. मला काकांचा दवाखाना आठवला, आणि काका संध्याकाळी पेशंट संपल्यावर गाडीशी खाटखुट करत बसायचे ते. आम्हाला वाटायचं टाइमपास करतात.

दोन महिन्यांनी वही भरली. उस्तादांना बोलावलं. त्यांनी वही चाळली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अब काटो."

तयार हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, इंग्लंडहून मिळतो. मायनरचं जवळपास सगळंच मिळतं तिकडे. पण किंमत, वर टपाल, वर कस्टम, हा हिशेब केला आणि मी स्वतःच बांधायचं ठरवलं. आठ बाय चार फुटांची प्लायची फळी घेतली, तिच्यावर जुना जुडगा जसाच्या तसा पसरला, प्रत्येक वळणावर आणि फाट्यावर खिळे ठोकले. मग जुना उचलला आणि खिळ्यांमधून नवीन वायरी ओढल्या. गच्चीवरची ती फळी पाहून शेजारच्या वहिनींनी हिला विचारलं, "भाऊजी पतंगाचा मांजा करताहेत का?"

वायर सियागंजातून आणली. सियागंज ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंदूरचा घाऊक बाजार, हार्डवेअर, पार्ट, पट्टे, बेअरिंग, सगळं. तिथे गाडीची वायर हव्या त्या जाडीची मिळाली, पण एकरंगी. दुरंगी रेघेची वायर मला हव्या त्या जोड्यांत मिळाली नाही. म्हणून मी मंडळाची सवय लावली: प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरचं फेरूल, म्हणजे नंबर लिहिलेलं बारीकसं नळकांडं, पॅनेलमध्ये घालतो तसं. उस्तादांना ते फार आवडलं. पितळी बुलेट, म्हणजे वायरीच्या टोकाला बसतात त्या गोळ्या, आणि रबरी जोडकनेक्टर मात्र बाहेरून मागवावे लागले. इथले बुलेट मापात थोडे वेगळे, जुन्या स्विचच्या मागे सैल बसायचे, आणि सैल जोड म्हणजे उष्णता. वरचं सूत पाहिजे होतं, ते मोटर वाइंडिंगवाल्याकडे सापडलं. मोटरच्या कॉइलला गुंडाळतात ती पांढरी सुती टेप. ती अर्धी अर्धी चढवत गुंडाळायची, वर वॉर्निशचा हात. काळवंडल्यावर आता ती अगदी मूळची दिसते.

सुट्या भागांच्या शोधात एक उलगडा झाला तोही सांगून टाकतो. गाडी जुनी, म्हणून पार्ट जुन्या गाडीवाल्याकडेच मिळतील असं नाही. डेल्कोचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा, पॉइंट-सेट आणि कंडेन्सर अँबॅसॅडरच्या दुकानात मिळाला. डायनमोचे ब्रश कुठेच मिळेनात, तेव्हा उस्ताद मला ट्रॅक्टरच्या दुकानात घेऊन गेले. मी म्हटलं, इथे? दुकानदारानं नमुना पाहिला, मागे गेला आणि डबीच घेऊन आला. जुन्या ट्रॅक्टरना असाच डायनमो असायचा, आणि माळव्यात तसे ट्रॅक्टर अजून चालताहेत. मी तीन आठवडे चुकीच्या रस्त्यांवर हिंडत होतो.

एक चूक मात्र शुद्ध माझी. कटआउटचे टर्मिनल-स्क्रू हरवले होते. कटआउट म्हणजे डायनमोचं चार्जिंग सांभाळणारी ती काळी पेटी, पुस्तकात तिला कंट्रोल बॉक्स म्हणतात पण इंदुरात कटआउटच. स्क्रूचं माप दोन बी.ए., हे जुनं ब्रिटिश माप, आणि ते कुठे मिळेना. पाच मिलिमीटरचा स्क्रू हाताला जवळपास तसाच लागतो. आटे सारखेच, जाडी जराशी जास्त. मी दाबून फिरवला. दीड फेरा गेला, मग पितळेचे आटे घेऊन बाहेर आला. तो भाग पुन्हा आटे पाडून घ्यायला लेथवाल्यानं जेवढे पैसे घेतले त्यात त्या मापाचे दहा स्क्रू आले असते.

हार्नेस गाडीत चढला, बॅटरी जोडली, सगळे नंबर दोनदा तपासले. हेडलाइट लावले. देवापुढचं निरांजन बरं.

आता हे माझ्या हातखंड्यातलं. मल्टीमीटर घेतला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, दिव्याच्या टोकाला ९.८. मधले २.६ कुठे गेले? मीटरची एक पिन दिव्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरी थेट बॅटरीच्या अर्थच्या खांबाला लावली, दिवे चालू ठेवून. १.९ व्होल्ट. म्हणजे बहुतेक सगळी गळती येण्याच्या वाटेवर नव्हती, जाण्याच्या वाटेवर होती. लोक दिवा लागत नाही म्हटलं की जिवंत वायरीमागे धावतात. परतीचा रस्ता कुणी पाहत नाही. मंडळातसुद्धा निम्म्या तक्रारी न्यूट्रलच्याच निघायच्या.

कारण पेंटरनं करून ठेवलेलं होतं, बिचाऱ्यानं चांगल्या हेतूनं. मायनरचे मडगार्ड बोल्टांनी बसतात आणि बॉडी व मडगार्ड यांच्या मधे रबरी गोट असते. जुन्या कुणा वायरमननं हेडलाइटची अर्थ मडगार्डला स्क्रू मारून दिली होती आणि मीही नकाशाप्रमाणे तीच ठेवली. नवीन रंग, नवीन गोट, बोल्टांखालीही रंग. मडगार्ड विजेच्या दृष्टीनं हवेत लटकत होता. मी काळी वायर थेट आतल्या चासीपर्यंत नेली, रंग खरवडून पत्रा चमकवला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीस. ९.८चे ११.७ झाले. रात्री भिंतीवर उजेड पडला तेव्हा पलीकडच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

अर्थनं दुसऱ्यांदा मात्र जरा घाबरवलं. या गाडीत सेल्फ मारायला किल्ली नाही, एक घुंडी ओढायची. मी घुंडी ओढली, इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबलं, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. आणि शेजारच्या चोकच्या घुंडीतून धूर निघायला लागला. चोकला वीजच नाही! ती नुसती लोखंडी तार आहे, डॅशबोर्डपासून कार्ब्युरेटरपर्यंत. बोट लावलं तर चटका बसला.

उस्तादांना फोन केला. ते पलीकडून एवढंच म्हणाले, "इंजन की पट्टी लगाई?"

इंजिन रबरी पायांवर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. म्हणून गिअरबॉक्स आणि चासी यांच्या मधे तांब्याच्या वेणीची जाड पट्टी असते. इंजिन बसवणाऱ्यानं ती लावलीच नव्हती आणि मी पाहिली नव्हती. सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह परत जायला रस्ता शोधत होता आणि त्याला चोकची तार सापडली. पट्टी भंगाराच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. माझ्याच अक्षरात 'ठेवणे' असं लिहिलेलं.

यानंतर गाडी सुरू झाली. किल्ली फिरवली की आधी पेट्रोलपंप टिकटिकतो, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर आहे तो, विजेवर चालतो. कार्ब्युरेटर भरला की गप्प. मग घुंडी. तो आवाज ऐकून काकू रडल्या, मी फोनवर ऐकवला होता. मग म्हणाल्या, "टिकटिक थांबते ना? नाही थांबली तर पेट्रोल संपलंय असं हे म्हणायचे."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जुनी बॅटरी धरत नव्हती म्हणून नवीन मागवली. दुकानातला मुलगा घरी येऊन बसवून गेला. मी आत पोहे खात होतो.

मॉरिसमध्ये बॅटरीची धन बाजू बॉडीला असते. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत तशी पद्धत होती. त्या मुलाचं काही चुकलं नाही, त्यानं जन्मात अशी गाडी पाहिली नव्हती. त्यानं ऋण बाजू बॉडीला लावली. खरं तर त्याला शंका आली असणार, कारण बॅटरीचा धन खांब जरा जाड असतो आणि क्लॅम्प उलटे बसेनात, एक सैल आणि एक घट्ट. त्यानं सैल क्लॅम्पमध्ये पत्र्याची पाचर मारली. ही पाचर तर ओरडून सांगत होती, पण मी पाहिलीच नाही.

गाडी सुरू झाली. सेल्फला काही फरक पडत नाही, दिव्यांना नाही, पंपालाही नाही. मी खुश. ॲक्सिलरेटर दिला. कटआउटच्या पेटीत टर्रर्र असा आवाज, निळी ठिणगी, आणि डायनमोच्या जाड पिवळ्या वायरीचा वास. मी आयुष्यात एवढ्या चपळाईनं बॅटरीचा क्लॅम्प ओढून काढला नसेल. पाचरीमुळे तो सहज निघाला, हे त्या पाचरीचं पुण्य.

झालं असं. डायनमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्या आधारानं तो वीज निर्माण करायला लागतो, आणि कुठली बाजू धन हेही त्यावरूनच ठरतं. त्याला बॅटरी उलटी झाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. वेग वाढला, कटआउटचे पॉइंट, म्हणजे डायनमोला बॅटरीशी जोडणारी टोकं, नियमाप्रमाणे मिटले, आणि बॅटरीला भर घालण्याऐवजी डायनमो आणि बॅटरी एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे झाले. दोघांचे व्होल्ट मिळून एका पेटीतून शॉर्ट. मंडळाच्या भाषेत सांगायचं तर फेज न जुळवता जनरेटर बसवर, म्हणजे चालू असलेल्या सामाईक तारांवर, घेतला. तिथे असं झालं असतं तर चौकशी बसली असती.

बॅटरी सरळ केली. कटआउटचे पॉइंट चिकटले होते, ते सोडवले, बारीक काचकागदानं घासले. एका पॉइंटला खड्डा पडलाय तो अजून आहे. मग डायनमोला त्याचं भान परत द्यायचं. पेटीवरून फील्डची वायर, म्हणजे डायनमोच्या चुंबकाच्या कॉइलकडे जाणारी, एफ लिहिलेली, सोडवायची, आणि बॅटरीच्या जिवंत बाजूची वायर तिला क्षणभर लावायची. क्षणभर म्हणजे खरंच क्षणभर, छोटी ठिणगी उडाली की झालं. डायनमो आधी होता तसाच असेल तर याची गरज नसते, पण एवढा झटका बसल्यावर मला भरवसा नव्हता. शेवटी कटआउट मिटण्याचं माप: १२.७ ते १३.३ व्होल्टच्या मधे मिटलं पाहिजे. मीटर लावून, हळूहळू वेग वाढवत, स्क्रूला पाव पाव फेरा देत तीन संध्याकाळी गेल्या. १३ला बसलं.

आता बॅटरीच्या डोक्यावर मी लाल रंगानं लिहून ठेवलंय: 'धन बाजू बॉडीला. उलटी नाही. विचारा.' खाली फोन नंबर. आणि बॅटरीवाला आला की पोहे नंतर.

सगळ्यात शेवटी ते हात घेतले. उजवा दोन दिवसांत चालू झाला. आतल्या दिव्याकडे जाणारी केसाएवढी वायर प्रत्येक वेळी वाकून मोडलेली होती, तेवढी बदलली. डाव्याच्या आतला लोखंडी दांडू गंजून कॉइलमध्ये चिकटलेला. तेल ओतायचा मोह होतो, पण तेलावर धूळ बसते आणि महिन्यात पुन्हा चिकटतो. घासून साफ केला, शिलाईमशीनच्या तेलाचा एकच थेंब. काकांचा जोड तसाच ठेवला. फेरूलही घातलं नाही त्याला. वर नवीन चिकटपट्टी लावली, आणि जुनी पट्टी वहीत.

गेल्या महिन्यात रात्री दहानंतर, गर्दी ओसरल्यावर, आम्ही दोघं राजवाड्यापर्यंत गेलो. सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गाडी नेण्यात अर्थ नव्हता, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ लावली आणि चालत गेलो. परत आलो तर आठ-दहा पोरं गाडीभोवती. एकानं विचारलं, "अंकल, इंडिकेटर किधर है?" मी उजवा हात काढून दाखवला, टक्कन. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग डावा दाखवायला गेलो. कॉइलचा घुंगुरड्यासारखा आवाज आला, हात काही बाहेर येईना. हिनं खिडकीतून मागे वळून न बघता खांबावर एक थाप मारली, दाराशेजारी, बरोब्बर त्या जागी. टक्कन बाहेर.

"काकू अशीच मारायच्या," ती म्हणाली.